शेवटचा फर्मा कुणाकडे

आई,

जेवणं उरकली की तू विळी भिंतीशी उभी करून ठेवायचीस, जेवायच्या पाटावर परत बसायचीस आणि नवी कादंबरी उसवायला घ्यायचीस. मी समोर मांडी घालून बसलेली. बाबांनी आदल्या दिवशी मुंबईहून आणलेलं पुस्तक, पानांना अजून शाईचा वास, आणि तू त्याचा पुठ्ठा अलगद सोडवून बाबांच्या दाढीच्या जुन्या पात्यानं शिवणीचा दोरा कापते आहेस. "हे टोक धर गं," म्हणतेस. मी धरते. सोळा-सोळा पानांची एकेक घडी सुटी होऊन तुझ्या मांडीवर येते. त्या घडीला फर्मा म्हणतात हे मला बाराखडीबरोबरच कळलं असावं, कारण कल्याणला तुझ्या माहेरी आजोबा पुस्तकं बांधायचे आणि तू त्यांच्या शेजारी बसून शिवायला शिकली होतीस. मराठी चौथीनंतर तुझी शाळा सुटली, पण सुई सुटली नाही, असं तू हसून सांगायचीस.

काल मी तुझी ट्रंक उघडली. डोंबिवलीची जागा सोडून लेकीकडे राहायला जायचंय, तेव्हा काय कुणाला द्यायचं ते ठरवायला हवं. जुन्या लुगड्यांच्या कापडात बांधलेल्या तुझ्या सगळ्या कादंबऱ्या एकीवर एक रचलेल्या आहेत आणि प्रत्येकीच्या आत तुझी चिठ्ठी आहे. पेन्सिलीनं लिहिलेली, वाचायची पाळी सांगणारी. पहिल्या डॉक्टरीणबाई, मग वहिनी, मग आम्ही. आपल्या घरी आलेल्या पुस्तकाची चिठ्ठी नेहमी अशीच. डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरांच्या बायको; त्यांच्या घरी पुस्तक आलं की त्या शेवटच्या. ज्याच्या घरी पुस्तक येईल त्यानं शेवटी वाचायचं, हा नियम तुझा. बाबा चिडवायचे, "आणतो मी, उसवतेस तू, आणि आधी वाचतात त्या दोघी." तू म्हणायचीस, "पाहुण्याला आधी वाढतात की नाही? तसंच."

उसवण्याचं खरं कारण मात्र मागच्या घरातल्या वहिनी होत्या. विशी-बाविशीची सून, सातवी शिकलेली, आणि सासूबाईंचा कादंबऱ्यांवर राग. आख्खं पुस्तक घरात नेलं तर दिसणार. सोळा पानांची घडी मात्र कुठेही मावते. वहिनी सुपात तांदूळ पसरून त्याखाली फर्मा ठेवायच्या आणि निवडता निवडता, बोटानं तांदूळ सरकवत, एकेक ओळ वाचायच्या. त्यांच्या घरच्या भातात कधी खडा सापडला नाही, असं सासूबाई सगळीकडे कौतुकानं सांगत. हे ऐकून डॉक्टरीणबाई हसून हसून खोकायला लागत. "काकू," त्या तुला म्हणत, "तुमच्या कादंबऱ्यांनी त्या म्हातारीचे दात वाचवले हो."

फर्मे पोचवायचं काम माझं होतं. शाळेच्या वाटेवर टेंभी नाक्याजवळ डॉक्टरांचं घर. सकाळी जाताना त्यांच्याकडचा वाचून झालेला फर्मा घ्यायचा, दप्तरात ठेवायचा, आणि संध्याकाळी येताना वाटीभर साखर मागायला गेल्यासारखं करून वहिनींच्या हातात द्यायचा. आणताना सांडायचं नाही, चुरगळायचं नाही आणि वाचायचं नाही. माझी पाळी सगळ्यात शेवटी, तुझ्यानंतर, आणि तीसुद्धा तू म्हणशील तर.

मी अकरा वर्षांची होते. बाबांच्या हट्टानं मला कॉन्व्हेंटात घातलं होतं. तिथल्या मुलींकडे कापडी पुठ्ठ्याची, सोनेरी अक्षरांची इंग्रजी गोष्टींची पुस्तकं असत. डेस्कवर ठेवली की दिसायची कशी. माझ्या दप्तरात सुट्या कागदांची घडी. मला तिची लाज वाटत असे. हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण तुला दिसत असणार.

त्या दिवशी दप्तरात शेवटचा फर्मा होता. वहिनींना सातवा महिना होता आणि परवाच्या गाडीनं त्या बाळंतपणाला माहेरी निघणार होत्या. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं की पोर झाल्यावर वाचनबिचन पुरे. म्हणजे कोण जाणे, ही त्यांची शेवटचीच कादंबरी. त्यातली नायिका घर सोडून गेलेली, आणि ती परत येते की नाही हे त्या फर्म्यात होतं. सगळ्यांना कळत होतं की तो वहिनींना वेळेवर मिळायलाच हवा. मलाही कळत होतं. आणि तरी शिवणाच्या तासाला, सगळ्या मुली रुमालावर फुलं काढत असताना, मी तो फर्मा रुमालाखाली उघडला. दहा पानं झाली होती. अकराव्यावर सावली पडली. वर बघते तो आमच्या मुख्याध्यापिका, मदर.

त्या गोव्याच्या. आमच्याशी इंग्रजीच बोलत. त्यांनी फर्मा उचलला, उलटापालटा केला आणि ऑफिसात घेऊन गेल्या. मी रिकाम्या हातानं घरी आले.

तू चुलीपुढे होतीस. वहिनी मागच्या दारात उभ्या, रिकामी वाटी घेऊन.

"आणलास?" तू विचारलंस.

मी सांगितलं. शिवणाचा तास, मदर, ऑफिस. वहिनींनी वाटी या हातातून त्या हातात केली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना सगळं कळल्यावर म्हणाल्या, "एवढंच ना? अगं, मी सांगते की. ऐक, ती काय करते..."

"नका सांगू," वहिनी एकदम म्हणाल्या. मी त्यांचा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता. "मला वाचायचंय."

"खरं आहे," तू म्हणालीस. "सांगितलेला शेवट म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास. बाई, तुम्ही चहा घ्या आणि गप्प बसा."

मग तू माझ्याकडे वळलीस. मला वाटलं, वर्गात वाचलं म्हणून ओरडशील. तू आवाज चढवला नाहीस. म्हणालीस, "तुझी पाळी होती का?" मी मान खाली घातली. "या वहिनी महिनाभर तांदळाखाली वाचतायत, त्यांनी धीर धरला. आपल्या घरी आलेलं पुस्तक मी अजून वाचलं नाही. आणि तू मध्येच हात घातलास." एवढंच. आजवर मला मिळालेल्या सगळ्या बोलण्यांत हे सगळ्यात जास्त लागलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी तू शाळेत आलीस. तुझं ठेवणीतलं नऊवारी, हातात कापडी पिशवी. शाळेत येणाऱ्या बाकीच्या आया पाचवारी नेसत, पर्स घेत. मी व्हरांड्यातून तुला फाटकातून आत येताना पाहिलं आणि मला खांबाआड व्हावंसं वाटलं. पण मदरनी मलाच बोलावलं. तुला इंग्रजी येत नव्हतं, त्या मराठी बोलत नव्हत्या. मी दुभाषी.

फर्मा टेबलावर होता. तू खुर्चीच्या टोकावर बसलीस आणि म्हणालीस, "त्यांना सांग, पोरीनं चूक केली, शिक्षा करा. पण हे कागद तिचे नाहीत, तिघींचे आहेत. ते मला द्या."

मी सांगितलं. त्यावर मदर काय म्हणाल्या, ते पुढे सांगते. मी तुला मराठीत सांगितलं ते असं: "मदर म्हणतात, सुटे कागद बघून त्यांना वाटलं ही रद्दी आहे."

तू रागावली नाहीस. "त्यांची काय चूक," म्हणालीस, आणि पिशवीतून बाकीची कादंबरी काढलीस. सगळे फर्मे, पुठ्ठा, सुई, दोऱ्याचं रीळ, मेणाचा खडा. तू काय करते आहेस हे मला कळेपर्यंत तू टेबलाची कड जवळ ओढून दोन फर्मे शिवून दाखवलेसुद्धा. दोरा मेणावरून ओढलास, घडीच्या पाठीतून सुई आत, बाहेर, पुढच्या फर्म्याला गाठ. "सांग त्यांना, आम्ही पुस्तक फाडत नाही. उसवतो. तिघी वाचतात, मग परत शिवतो. आधीपेक्षा घट्ट."

मदर तुझ्या हातांकडे बघत राहिल्या. मग उठून त्यांनी मागचं कपाट उघडलं. शाळेच्या लायब्ररीतली पुस्तकं, पाठी निखळलेली, पानं लोंबणारी, सुतळीनं बांधून ठेवलेली. त्या मला काही विचारायच्या आतच तू उठून कपाटापाशी गेलीस. एक पुस्तक हातात घेतलंस आणि तुला न वाचता येणारी ती अक्षरं उलटी की सुलटी हेसुद्धा न पाहता पाठीवरून अंगठा फिरवलास. "डिंकानं चिकटवलंय कुणीतरी," म्हणालीस. "पाप."

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. मदर हसल्या. मी त्यांना तोवर हसताना पाहिलं नव्हतं.

मग दर शनिवारी तू शाळेत यायला लागलीस. शिवणाच्या तासाला रुमाल बाजूला पडले आणि तू आम्हाला पुस्तकं शिवायला शिकवलंस. वीस मुली जमिनीवर, मध्ये तू. सोनेरी अक्षरांच्या पुस्तकांवाली मुलगी माझ्या कानाशी लागली, "इज दॅट युअर मदर?" मी म्हटलं, यस. इंग्रजी तीन अक्षरांचा शब्द, पण तो म्हणताना माझी मान ताठ झाली ती आजही आठवते. तिचंच पुस्तक तू पुढच्या शनिवारी दुरुस्त केलंस. इंग्रजी न येणाऱ्या बाईनं शिवलेली इंग्रजी पुस्तकं त्या कपाटात मी मॅट्रिक होईपर्यंत होती, आणि एकाचीही पाठ सुटली नव्हती.

पण मी पुढे गेले. त्या दिवशी संध्याकाळी फर्मा वहिनींच्या सुपात पोचला. निघायच्या सकाळी त्या तो परत द्यायला आल्या. तू विचारलंस, "झाला?" त्या म्हणाल्या, "झाला, काकू. येते." शेवटाबद्दल एक अक्षर नाही, कारण तुझी पाळी अजून व्हायची होती. इतकी सभ्य वाचक मी नंतर पाहिली नाही. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यावर त्यांचं हळदीचं बोट उमटलं होतं. पुसायला लागलीस, मग थांबलीस आणि तसंच शिवलंस. बाळाला घेऊन त्या परतल्या तेव्हा सासूबाईंनी वाचन बंद केलं नाही. खडा नसलेला भात त्यांना सोडवला नसावा.

तुझ्या नियमाचं मी काय केलं, तेही सांगते. आमच्या इमारतीत आम्ही पाच जणी आहोत. कुणाकडे नवी कादंबरी आली की ती आधी फिरते आणि घरच्या बाईकडे शेवटी येते. आताची पुस्तकं डिंकाची, उसवता येत नाहीत, म्हणून आख्खीच फिरतात. परवा लेकीनं मला एक आणून दिली. पहिल्या मजल्यावरच्या ताई म्हणाल्या, "तुम्ही वाचून तरी द्या हो." मी म्हटलं, "आमच्याकडे पद्धत नाही." आणि हे म्हणताना मला जो अभिमान वाटला, तो खरं तर तुझा आहे.

आता ते, जे मागे ठेवलं होतं. मदर रद्दी म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्या मुलीनं मला सांगितलं की हा शेंगदाण्याच्या पुडीचा कागद आहे, तिचा नाही." मीच सांगितलं होतं तसं, शिवणाच्या तासाला, सगळ्या मुलींसमोर. तुझी कादंबरी मी नाकारली होती, आणि तुझ्याच तोंडासमोर बसून मी ती गोष्ट मदरच्या माथी मारली. मदरना मराठी बोलता येत नव्हतं, पण कळत होतं बरंच. मी उलटं भाषांतर करताना त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि त्या गप्प राहिल्या. तुला कळलं होतं का? कधी कधी वाटतं, हो. "त्यांची काय चूक," असं तू म्हणालीस तेव्हा तू त्यांच्याकडे बघत नव्हतीस.

तेव्हा आता तुझ्यासारखी चिठ्ठी लिहिते आणि ट्रंकेत ठेवते. हे पत्र धाडायला पत्ता नाहीच. बाकी सगळ्या कादंबऱ्या इमारतीतल्या चौघींना, पाळीनं. सुई आणि मेणाचा खडा माझ्या लेकीला. तिला शिवता येत नाही, पण तिनं ते जवळ ठेवावं. शाळेनं तुला दिलेली कात्री पहिल्या मजल्यावरच्या ताईंना, त्या मागतच असतात. हळदीच्या बोटाची कादंबरी पहिल्यांदा वहिनींना. त्या कल्याणला लेकाकडे आहेत, डोळे गेलेत, पण नात वाचून दाखवते. मग माझ्या लेकीला. आणि मग ती परत माझ्याकडे आणावी. त्या फर्म्याची शेवटची सहा पानं मी अजून वाचलेली नाहीत. तू शिवून दिलीस तेव्हा विचारलंस, वाचलंस का, आणि मी खोटंच हो म्हणून मान हलवली होती. आता पुस्तक माझ्या घरी आहे, म्हणून माझी पाळी शेवटी.