बारावी खुंटी

आई, आज माणमध्ये एका म्हातारीने मला विचारलं, "मोजताय कशापायी?" मी म्हटलं, "नाटक आहे मावशी, रंगमंच बसेल का बघतेय." "तिकीट?" "तिकीट नाही. आमची संस्था चांगली नाटकं गावात आणते." तिची नजर मला ओळखीची वाटली. फुकट म्हटल्यावर तुझेही डोळे असेच बारीक व्हायचे.

मी नववीत असताना हीच संस्था कुरुळीला आली होती. टेम्पोत पडदे, सोबत शहरातले पगारी नट. त्यांना सपाट जागा हवी होती, आणि रान कंपन्यांत गेल्यावर आपल्याकडे खळं तेवढं उरलं होतं. तू चहा केलास, कप ठेवता ठेवता विचारलंस, "आमच्याच दारात का म्हनून?" संस्थेच्या बाई हसून म्हणाल्या, "तुम्हाला नाटक आवडेल." तुला ते उत्तर वाटलं नाही. एकाने टेप सोडली आणि मी धावत जाऊन तिचं दुसरं टोक धरलं. ते गेल्यावर तू मला चुलीपुढे बसवलंस आणि आवाज न चढवता म्हणालीस, "तुज्या आज्यानंबी मोजणीवाल्यांच्या टेपाचं टोक आसंच धरलं हुतं. म्हनला, पोरं उन्हात दमल्यात." त्याच मोजणीनंतर आपलं रान गेलं होतं. सकाळी उठून बघते तर तू खराट्याने त्यांच्या फक्कीच्या रेघा झाडतेयस. ते आले, वाऱ्याने गेल्या असतील म्हणाले आणि पुन्हा आखल्या.

संध्याकाळी गावाने नाटक पाहिलं, तू खुंट्या पाहिल्यास. कनातीच्या दोरांसाठी बारा लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. खेळ संपल्यावर उपसताना तू शेजारी उभी. अकरा निघाल्या. "बारावी कुठाय?" बाईंनी थोडी माती चाचपली आणि म्हणाल्या, "असेल इथंच. राहू द्या." हे दोन शब्द तू आयुष्यभर धरून बसलीस. "राहू द्या म्हणं. रान घेनारंबी आधी खुंटीच ठोकून गेल्ते." दुसऱ्या दिवशी तू खुरप्याने अख्खं खळं उकरलंस. संस्था पुढे दोनदा आली, तू त्यांना दारातूनच परत पाठवलंस. शेवटच्या आजारपणातही माझा हात धरून सांगत होतीस, "खळ्यात त्यांची खुंटी हाय. सही मागत्याल, दिऊ नगंस."

कुणी सही मागितली नाही. खळं अजून आपलंच आहे. आणि मी त्याच संस्थेत काम करते, हे तुला सांगायची सोय नाही. पण तुझा संशय माझ्यात उतरलाय. यंदा एका कंपनीने खर्च उचललाय. त्यांना पडद्यावर नाव मोठं हवंय आणि हसणाऱ्या गावकऱ्यांचे फोटो हवेत. बैठकीत मी विचारलं, "यांना नक्की काय पाहिजे?" सगळे हसले. "किती संशय घेता ताई." टेपचं दुसरं टोक मी कुणाला धरू देत नाही. त्यावर दगड ठेवते.

हा कागद शिलाई मशीनच्या खणात जाईल. तिथे तुझ्या लुगड्याच्या चिंधीत ती खुंटी आहे. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा मी ती उपसली, आई. मला त्या नाटकातलं काहीतरी घरी हवं होतं आणि माझ्या हाताला तेवढंच लागलं. तू खळं उकरत होतीस तेव्हा मी तुझ्यामागे पाटी धरून उभी होते.