खरखर नसलेला आवाज

लालबाग, १० जानेवारी १९५६

ती. लक्ष्मीताईस गुणाजीचा शि. सा. न. वि. वि.

भावोजी बोटीवरून सुखरूप उतरले. रजा मिळालीय, पण मालवणचं नाव काढत नाहीत, याला कारण मी. त्यांनी आणलेल्या जर्मन रेडिओत एफ.एम.ची जास्तीची पट्टी आहे. आपल्याकडे तिच्यावर कुणी काही लावत नाही, नुसती फुस्स. आपल्या रेडिओत लहरींची उंची कमी-जास्त करून आवाज पाठवतात, म्हणून गिरणीच्या मोटारीची, विजेची खरखर त्यात मिसळते. एफ.एम.मध्ये उंची तीच ठेवून लहरी दाट-विरळ करतात, खरखरीला शिरायला वावच नाही.

आमच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानातले जुने व्हॉल्व्ह जोडून मी त्या पट्टीवर बोलायचं यंत्र केलं. ते घेऊन भावोजी रस्त्याकडच्या चाळीत, त्यांच्या खोलीवर गेले. तिथून बोलले ते माझ्या खोलीतल्या सेटवर इतकं स्वच्छ आलं की शेजारच्या बकुळामावशीने सेटमागे वाकून पाहिलं!

माया आहेच, ती वाढावी.
गुणाजी

मालवण, १४ जानेवारी

चि. गुणाजीस अनेक आशीर्वाद.

परवान्याशिवाय असली यंत्रं चालवलीस तर पोलीस दोघांनाही उचलतील हो. तुझ्या भावोजींना म्हणावं, यंत्राशी गप्पा पुरे, घरी माणूस वाट बघतंय. तिळाचे लाडू डब्यात तसेच आहेत.

मावशीला नमस्कार सांग.
तुझी ताई

लालबाग, २० जानेवारी

ताई, आधी हे वाच: भावोजी जिवंत आहेत.

सोमवारी रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला नाही, दिल्लीच्या ताब्यात. तेव्हापासून इथे गोळीबार आणि कर्फ्यू. आमच्या आतल्या चाळीतून रस्ता दिसत नाही. भावोजी खिडकीतून बघून यंत्रावर सांगत, रस्ता मोकळा आहे, बायांनी पाण्याला जावं. मी गॅलरीतून ओरडून ते सगळ्यांना कळवी.

काल मावशी कळशी घेऊन निघाली आणि भावोजी ओरडले, तिला मागे बोलव. मी हाक मारली, ती वळली. तेवढ्यात सेटमधून कडाड् झालं. दुसरा रेडिओ असता तर मी खरखर समजलो असतो. यात खरखर येतच नाही, ताई. मग काच फुटली. मग त्यांचा श्वास, माझ्या कानाशी असावा तसा.

चाळीतल्या धोंडूने आणि मी त्यांना दाराच्या फळीवर घालून परळच्या इस्पितळात नेलं. गोळी गळ्यात लागली. कुठून आली, कुणी सांगत नाही. डॉक्टर म्हणतात, जिवाचा धोका टळला, पण आवाज परत येणार नाही.

तू ये.
गुणाजी

मालवण, २५ जानेवारी

चि. गुणाजी,

पत्र वाचलं आणि अंगणातच बसले. शेजारणींनी पाणी पाजलं. मावशी वाचली, म्हणजे त्यांचं ओरडणं कामी आलं, असं मनाला बजावते. मन ऐकत नाही.

उद्याच्या बोटीने निघते. ते वर्षातून महिनाभर घरी, बाकी सगळा समुद्र. मला 'अगो' म्हणून हाक मारायचे. कालपासून ती हाक आठवू बघते, तर नुसते ओठ हलताना दिसतात. तू इतके दिवस त्यांना कानाशी ऐकलंस. मी आले की सांगशील का रे, त्यांचा आवाज कसा होता?

ताई