बाबांनी उलथणी खाली ठेवली

यावो, ओसाका
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तू आणि इकुए वहिनी मजेत असाल. इकडे थंडी पडू लागली आहे, कोबी गोड झालाय आणि माझी कंबर आहे तशीच कुरकुरते आहे. पत्र बघून दचकू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. आज मन इतकं हलकं झालंय की कुणाला तरी लिहिल्याशिवाय राहवेना. चार वर्षं तू बाबांच्या घरात पाऊल टाकलं नसलंस, तरी हक्काचा श्रोता तूच.

बाबांनी गाडी चालवणं सोडलं. आज दुपारी आपणहून किल्ली माझ्या हातात ठेवली!

तुला यातलं काही ठाऊक नाही. वसंत ऋतूपासून त्यांच्या छोट्या ट्रकची डावी बाजू चेपत चालली होती. विचारलं की म्हणायचे, "खांबच पुढे आला." त्याच ट्रकमधून ते दर बुधवारी माझ्या चिहायाला पोहायच्या वर्गाला नेत, आणि ती परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. पण बोलायची छाती होईना. तू त्यांचा कारखाना चालवायला नाही म्हणालास, त्यांनी कुलूप लावलं. त्यानंतर त्यांचं म्हणून तो ट्रकच उरला होता. टोमणा मारत नाही रे, आहे ते सांगते.

आज त्यांच्याकडे ओकोनोमियाकीची धिरडी केली. मी नेहमीसारखी हमाल: कोबी चिर, चिकट कंद किस, अंडी फोड. कालवायचं मात्र त्यांनीच. "तू घोटून घोटून रबर करशील!" विजेचा तवा तापला, दोन जाडजूड धिरडी पडली, आणि बाबा त्यांच्यावर डुकराच्या मांसाचे काप मांडू लागले. दोन काप धिरड्यावर. तिसरा शेजारी, उघड्या तव्यावर. चौथाही तिथेच. चिहाया हसणार होती, मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

मग त्यांनी दोन्ही उलथणी धिरड्याखाली सरकवली, मनगट झटकलं, आणि अर्धं धिरडं तव्यावर, अर्धं टेबलावरच्या वर्तमानपत्रावर. हे बाबांच्या हातून! तुला-मला कधी उलथण्याला हात लावू न देणाऱ्या बाबांच्या!

"तवा सरकवलास का गं, तोमोए?"

"नाही, बाबा."

"मग मीच सरकलो असेन."

इथे मी जे केलं, ते मघापासून लिहायचं टाळते आहे. मी म्हणाले, "बाबा, गुरुवारी दादाचा फोन आला होता. तुमच्या गाडीचं ऐकून रडला. म्हणाला, बाबांना काही झालं तर मी भांडू कुणाशी?"

हो, तुझ्या नावावर खोटं बोलले. माझ्या नावावर बोलले असते तर त्यांनी मला उडवून लावलं असतं.

बाबांनी उलथणी खाली ठेवली, खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे सरकवली. "आता दुसरं तू उलट. आणि वरून दाबू नकोस." मी उलटलं, कड तुटली. "सॉसचं ठिगळ लाव," म्हणाले, आणि चक्क दोन वेळा वाढून घेतलं.

चिहाया बाहेर खेळायला गेल्यावर मी भांडी घासत होते. ते शेजारी येऊन उभे राहिले.

"कोसाकुचा फोन आला नव्हता ना?"

मी बशी घासत राहिले.

"तो तुझ्याजवळ रडणारच नाही. लहानपणीसुद्धा कपाटात शिरून रडायचा."

"चुकलं माझं, बाबा. किल्ली परत हवी का?"

"किल्ली द्यायची, हे मला तव्यापाशीच कळलं. ती राहू दे तुझ्याकडे." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो काय म्हणाला म्हणालीस, ते जरा परत सांग."

मी परत सांगितलं. मग अजून एकदा.

दादा, घरी येताना मी सायकलवर मोठमोठ्याने गात आले, लोक बघत होते. किती महिन्यांनी आज नीट झोप लागेल. तुला बाकी काही मागत नाही. मी तुझ्या तोंडी घातलेलं वाक्य तुला पटत नसेल, तर तुझं तू त्यांना सांग. नंबर तोच आहे. हल्ली पहिल्याच घंटीला उचलतात.

तुझ्या नावाने खोटं बोललेली, आणि ते खरं असावं असं वाटणारी,
तोमोए