शेवंताबाईच्या दाव्यातली नाहरकत

३ फेब्रुवारी, मंगळवार
झालं ते एवढं :
१. आज उमरेड कोर्टात शेवंताबाईच्या राहत्या घराचा दावा होता. तिचे वकील बाबा. विरुद्ध तिचा दीर.
२. दीर साक्षीला उभा होता. बाबांनी त्याची उलटतपासणी घ्यायची होती.
३. बाबांनी विचारलं, घर तुमच्या वडिलांनी तुमच्याच नावे केलं होतं ना? तो हो म्हणाला. आणखी काही प्रश्न तसेच. सगळं नोंदलं गेलं.
४. न्यायाधीशांनी विचारलं, आपण कोणाकडून? बाबांनी दिराचं नाव सांगितलं.
५. दिराचे वकील गजबे यांनीच उठून, मेश्राम साहेबांची, म्हणजे बाबांची, तब्येत बरी नाही म्हणून तारीख मागितली. मिळाली, १७ची.

गजबेंनी फोन करून सांगितलं. ते पूर्वी बाबांचे ज्युनिअर. याच दिराचा एक जुना दावा बाबांनी लढवला होता, तेव्हा गजबे फाइल धरून मागे उभे असत.
बाबा नेहमीच्या बसने नागपूरला आले. जेवले. भाजीत मीठ कमी, म्हणाले.

४ फेब्रु.
कारखान्यात मी मोजमापाची उपकरणं तपासते. बंद पडलेलं लगेच कळतं. थोडं चुकीचं दाखवणारं जास्त वाईट. त्याला लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवतो. कोणाला वाईट वाटत नाही.
संध्याकाळी बाबांना विचारलं. चिडले नाहीत.
"साक्षीदाराले आधी सैल सोडा लागते. मंग आवळायचं. तुले मशिनी समजतात, तेवढं पाह्य."
क्षणभर मला पटलंही.

५ फेब्रु.
आईला माहीत होतं. दिवाळीपासून.
रोज सकाळी डबा भरताना ती बाबांना दिवसाची कामं वाचून दाखवते. आज अमका, आपण त्याच्याकडून. आज तमकी, आपण तिच्याविरुद्ध. ते हुं म्हणतात. मला वाटायचं, ही दोघांची सवय. मंगळवारी ती कुहीला मावशीकडे होती.
"मले काहून नाही सांगितलं?"
"तू डॉक्टरकडे नेलं असतं. मंग ते घरी बसले असते."
"बसू दे."
"लॉकडाऊनमध्ये पाह्यला मी घरी बसलेला हा माणूस. तू पुण्याला होती वं."

७ फेब्रु., शनिवार
रजा टाकली. उमरेड.
शेवंताबाईच्या पुढच्या खोलीत माग आहे. त्यावरच घर चालतं. घर गेलं तर माग बसवायला दुसरी जागा नाही. तिला मंगळवारचं सगळं कळलेलं आहे. जयभीम घातला, चहा ठेवला, बाबांची तब्येत विचारली.
दुसरा वकील करा, म्हटलं.
"माह्या मालकाले त्यायनंच सोडवून आणलं होतं. आता मीच त्यायले म्हणू, तुम्ही सोडा?"
दारापर्यंत आली. "घर राहीन नं माह्यं, बाई?"
मी चप्पल घातली.
कोर्टात दोन वकिलांना विचारलं. नवा वकील दिराला पुन्हा साक्षीला बोलवायचा अर्ज करू शकतो. पण दोघंही म्हणाले, आधी केस सोडायला साहेबांची लेखी नाहरकत आणा. कायद्याने अडत नाही. इथे मात्र त्याशिवाय कोणी कोणाची केस घेत नाही. बाबांची तर नाहीच.
वकिलांच्या बाररूमच्या दारात एकजण सांगत होता, "मेश्राम साहेब असले की दोन वकील कशाले पाहिजे? एकातच भागते." हशा. मग कोणीतरी मला ओळखलं. त्याच माणसाने उठून खुर्ची दिली.
गजबे बसस्टँडपर्यंत आले.
"ताई, मंगळवारी उठलो ते साहेबांसाठी. १७ले मी त्याच उत्तरांवर उभा राहीन. अशिलाले दगा द्यायचं साहेबांनी शिकवलं नाही मले."

८ फेब्रु.
नाहरकतीचा मजकूर टाइप करून बाबांपुढे ठेवला. वाचला. दावा क्रमांक मी चुकवला होता. त्यांनी न बघता बरोबर करून दिला. सही केली नाही.
"अशील येऊन मागते. तुले कोणी वकीलपत्र दिलं?"
त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद.

९ फेब्रु.
जेवताना बाबांनी माझ्याकडे बघून आईला विचारलं, "हे कोणाकडून आहे?"
टोमणा होता की खरंच, ते मला ठरवता आलं नाही. आईलाही नसावं. ती म्हणाली, "आपल्याच. जेवा."

१० फेब्रु., मंगळवार
बोललेलं ते ऐकत नाहीत. लेखी असलं तर वाचतात. आज टेबलावर ठेवलं त्याची ही नक्कल :

बाबा,
शेवंताबाई तुम्हाला सोडा म्हणणार नाही. म्हणून मी मागते आहे. नाहरकत सोबत ठेवली आहे, क्रमांक तुम्ही दिलेलाच घातला आहे. तुम्ही सही केली तर कोर्टात कोणाला काही सांगावं लागणार नाही. नाही केली तर १७ला मी तिच्यासोबत न्यायाधीशांपुढे उभी राहीन आणि दिवाळीपासूनचं सगळं सांगेन. आईने रोज सकाळी काय केलं, तेही.
तसं करायची माझी इच्छा नाही.
शुक्रवार, १३ तारखेपर्यंत हो किंवा नाही, लेखी कळवा.
प्रज्ञा