दोन विभागांमधला बाक

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
अभयदान धर्मादाय रुग्णालय,
बिबवेवाडी, पुणे.

विषय : कु. प्रियदर्शनी प्रल्हाद ओव्हाळ, वय २४, हिला न जेवण्याचा आजार व दारूचे व्यसन या दोन्हींच्या एकत्रित उपचारासाठी आजच दाखल करून घेण्याबाबत.

संदर्भ : १) व्यसनोपचार विभागाची चिठ्ठी, दि. २३ जून. २) आहारविकार कक्षाची चिठ्ठी, दि. २५ जून. ३) अपघात विभागाचे डिस्चार्ज कार्ड, दि. ३ जुलै.

महोदय,

१. अर्जदार प्रल्हाद गणपत ओव्हाळ हे सरकारी कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले असून पत्नी प्रेमला व एकुलती एक मुलगी प्रियदर्शनी यांच्यासह बिबवेवाडीत राहतात. चौतीस वर्षे त्यांनी इतरांचे अर्ज वाचले. स्वतःच्या घरचा अर्ज लिहिण्याची ही पहिलीच वेळ. मजकूर नमुन्याबाहेर गेल्यास क्षमा असावी.

२. मुलगी लोणी काळभोर येथे कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मावसबहिणीच्या साखरपुड्यात कुणीतरी म्हणाले, "प्रिया, तुला खुर्ची जरा मजबूत बघून द्यायला हवी." सगळे हसले. अर्जदारही हसले, हे येथे नमूद करणे भाग आहे. त्यानंतर तिने आधी भात सोडला, मग संध्याकाळचे जेवण, मग घरच्यांसमोर जेवणेच. "बाबा, मी बाहेर खाऊन आलेय," हे वाक्य रोजचे झाले. कुणा मैत्रिणीकडून भूक मारण्याच्या गोळ्या येऊ लागल्या. नातेवाईक म्हणत, पोरगी काय छान बारीक झाली! अर्जदारांनी ते कौतुक स्वीकारले.

३. नोकरी लागल्यावर गोळ्यांच्या जोडीला दारू आली. अर्जदारांचे कुटुंब दर रविवारी विहारात जाते. मादक पदार्थांपासून दूर राहणे हे पंचशीलातले पाचवे शील. कपाटात कपड्यांमागे बाटली सापडली तेव्हा अर्जदारांना फक्त मोडलेले शील दिसले. "आपल्या घरात ही बाटली?" म्हणून ते गरजले. नंतर मुलगी आईच्या मांडीवर डोके ठेवून म्हणाली, "आई, प्यायलं की भूक कळत नाही. आणि जेवावंच लागलं, तर आधी प्यावं लागतं. नाहीतर घास गिळायची भीती वाटते." प्रेमला यांनी हे सांगितले, तरी अर्जदार बाटल्याच शोधत राहिले. ताटाकडे त्यांनी पाहिले नाही.

४. दि. २३ जून रोजी मुलगी स्वतःहून आपल्या व्यसनोपचार विभागात आली. वजन व रक्ततपासणी पाहून सांगण्यात आले, "एवढा अशक्त पेशंट आम्हाला घेता येत नाही. आधी आहार कक्षातून तब्येत सुधारून आणा." दि. २५ जून रोजी आहारविकार कक्षात सांगण्यात आले, "पिणारा पेशंट आमच्याकडे बसत नाही. आधी दारू बंद करून आणा." दोन्ही चिठ्ठ्यांवर सही, शिक्का व तारीख आहे. कागद म्हणून दोन्ही निर्दोष आहेत.

५. अर्जदारांना आदेश पाळण्याची सवय. दि. २६ जूनला त्यांनी सगळी दारू मोरीत ओतली आणि मुलीच्या दाराशी ठाण मांडले. ती म्हणाली, "बाबा, हात फार थरथरतायत. काहीतरी होतंय मला." अर्जदार म्हणाले, "दोन दिवस सोस. सुटेल." तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेताना तिचे डोळे फिरले, अंग ताठ झाले व झटके सुरू झाले. जीभ चावली गेली. अपघात विभागातल्या डॉ. निकिता यांनी तिचा जीव वाचवला व अर्जदारांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडायची नसते. उपाशी शरीराची तर नाहीच. आणि तसल्या शरीरात एकदम भरपूर अन्न घालणंही धोक्याचं. दोन्ही एकाच वेळी, हळूहळू, डॉक्टरांच्या नजरेखाली व्हायला हवं."

"ते कुठे होतं?" अर्जदारांनी विचारले. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळल्या.

६. दि. ३ जुलैच्या डिस्चार्ज कार्डावर 'पुढील उपचार संबंधित विभागात' असे लिहिले आहे. संबंधित विभाग कोणता, ते लिहिलेले नाही. दि. ४ जुलैला दोन्ही विभागांनी जुनीच उत्तरे दिली. दि. ९ पासून मुलगी पुन्हा पिऊ लागली. या वेळी झटक्यांच्या धास्तीने अर्जदारांनी बाटली काढून घेतली नाही. ते समोर बसून तिला पिताना पाहत होते. अडवले तरी मरण, न अडवले तरी मरण, आणि यांतले कोणते लांबचे, हे सांगायला कुणी नव्हते. दि. १२ रोजी ती जिन्यात कोसळली. आज सकाळपासून तिच्या पोटात पाणीही ठरत नाही, दारूही नाही, आणि हात पुन्हा थरथरू लागले आहेत.

७. सबब विनंती एकच. दोन्ही विभागांच्या डॉक्टरांना एका खाटेपाशी बोलवावे व मुलीला आत्ताच दाखल करून घ्यावे. हे नियमात बसत नसल्यास, दोहोंपैकी कोणता आजार घरी बरा करून आणेपर्यंत मुलीने जिवंत राहणे अपेक्षित आहे, ते लेखी कळवावे.

८. हा अर्ज दोन्ही विभागांच्या मधल्या बाकावर बसून लिहिला आहे. मुलगी शेजारीच आहे. "तुझ्या वतीने काय लिहू?" असे अर्जदारांनी विचारले, तेव्हा ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "लिहा, मला जगायचंय. पण ते माझ्यावर सोपवू नका." या मजकुरात अर्जदारांना कोणतीही दुरुस्ती सुचली नाही.

आणखी दोन मुद्दे मांडायचे होते. परंतु ती आता बाकावर आडवी झाली आहे आणि हाकेला ओ देत नाही. मी अर्ज येथेच थांबवतो.

आपल्या दाराबाहेर,
प्रल्हाद गणपत ओव्हाळ
(प्रियदर्शनीचे वडील)

दि. १४ जुलै, सकाळी ११.२०
सोबत : संदर्भातील तिन्ही कागद.