शिवलेलं शेवटचं प्रकरण

प्रिय खारूताई,

वर्गाच्या खिडकीशी बसून आपण दोघी एकाच प्रतीत डोकं घालून वाचायचो, आठवतं? माझं पान आधी संपायचं. मी उलटायला गेले की तू पेन्सिल कुरतडत माझा हात दाबून धरायचीस. सिस्टरांनी त्या रहस्यकादंबरीचं शेवटचं प्रकरण सुईदोऱ्याने शिवून टाकलं होतं. खुनी कोण आणि कशावरून, हे प्रत्येकीने उभं राहून सांगितल्याशिवाय टाके उसवायचे नाहीत. तू ठामपणे सांगितलंस, खून कुत्र्याने केला. सिस्टरसुद्धा फळ्याकडे तोंड करून हसल्या.

मी शिक्षिका झाले ती बहुतेक त्या टाक्यांपायीच. दरवर्षी नववीला तीच कादंबरी, तेच शिवणकाम. मुली तर्क लढवतात, आणि मी कुणाला काही कळू देत नाही.

यंदाही सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग नेहमीसारखे फळ्यावर पुरावे मांडले. चिखलाचे बूट, बंद पडलेलं घड्याळ, बदललेलं मृत्युपत्र. अगदी रंगात येऊन मी पुतण्याला खुनी ठरवलं आणि टाके उसवून पुस्तक पहिल्या बाकावर वाचायला दिलं. खून मावशीने केला होता. मला वाटलं, छापताना चूक झाली असेल. खरंच वाटलं गं.

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मग वाचणारीच मागे वळून म्हणाली, "टीचर मुद्दाम फसवत होत्या. बघत होत्या, कोण विरोध करतं ते." हिला मी बडबडीबद्दल रोज रागावते. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि मीही हसले, जणू डाव माझाच. पोरीने मला सांभाळून घेतलं आणि मी मुकाट्याने सांभाळून घेऊ दिलं. बाहेर पडताना तिने माझी पर्स हातात आणून दिली, आजीला द्यावी तशी. तेव्हापासून तिच्याकडे बघायची लाज वाटते.

घरी येऊन कादंबरी पहिल्यापासून वाचली. इतकी छान आहे ती! शेवटी मावशीचं नाव आलं तेव्हा मी दचकले. दुपारीच वर्गात ऐकलेलं नाव, तरीही दचकले. मग दिवा चालू ठेवून नुसतीच बसून राहिले.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. हे वाढत जाणार, म्हणाले. शाळेत मी गुडघ्यांचं कारण सांगून राजीनामा दिलाय. दादा-वहिनीला सांगितलं तर ती दोघं रडतील आणि मलाच त्यांची समजूत काढावी लागेल. म्हणून आधी तुला. आज डोकं स्वच्छ आहे, तोवर लिहून ठेवते. मोत्यांच्या कुड्या भाचीला, पण मला बघता येईल तोवर दे, तिच्या कानात शोभतील. शिलाई मशीन वहिनीला. तिचा डोळा आहेच त्याच्यावर. गरम कोट शाळेच्या शिपाईणबाईंना, त्या पहाटे येतात. फोटो सगळे तुझ्याकडे. मधूनमधून घेऊन येत जा, पण समोर धरून 'ओळख बघू कोण' असं मला कुणी विचारायचं नाही, तूसुद्धा नाही. बोट ठेवायचं आणि सरळ नाव सांगायचं.

तुझीच,
मास्तरीण