आरतीतली लांब हाक

मांडवी, रत्नागिरी
श्रावण वद्य पंचमी

तीर्थस्वरूप मथुरावन्सं,

कालिंदीचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? वाशिष्ठीचं पाणी यंदा तुमच्या पायरीवरूनच परत गेलं हे ऐकून बरं वाटलं. मी अगदी ठणठणीत आहे. कुणी वेगळं सांगितलं असेल तर ते माझ्या धाकट्या जाऊबाईंनी, म्हणजे आपल्या विमलेने. तेव्हा निम्मं सोडून द्या.

झालं ते इतकंच. गेल्या गणपतीत शेवटच्या आरतीतली ती 'येई हो'ची लांब हाक (पस्तीस वर्षं ती माझी आहे, या घरात माझ्यापुढे कुणाचा दम टिकलेला नाही) मध्येच तुटली, आणि विमलेने ती उचलून शेवटापर्यंत नेली. वर प्रसाद वाटताना म्हणते, "असू दे हो जाऊबाई, वय झालं." मी अडुसष्ट, ती सहासष्ट! फरक एवढाच की ती शेवग्याची शेंग आहे आणि मी नाही.

म्हणून यंदा आधीच छाती तपासून घेतली. डॉक्टर म्हणजे शेजारच्या सीताकाकूंचा हर्षद. त्याने नळीत फुंकायला लावलं आणि म्हणाला, "काकू, फुप्फुसं छान आहेत, ती ओढणारे स्नायू थकलेत." फुप्फुसांच्या खाली म्हणे स्नायूंचा एक पडदा असतो. श्वास घेताना त्याला खाली उतरायला जागा लागते, आणि ती माझ्या पोटाने अडवली आहे. शिवाय वयाने बरगड्या आखडतात, त्यामुळे त्या बाजूनेही छाती फुगत नाही. (कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ओरडायच्या, श्वास पोटातून घ्या! आता एवढं पोट कमावलं, तर तेच आड येतं म्हणे.) त्याच्या वजनकाट्याविषयी मी लिहीत नाही. तो गंजलेला आहे.

व्यायामाला त्याने तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र लिहून दिलं. दिवसातून चारदा चेंडू वर न्यायचे. आठ दिवस मी फुंकलं. पाठ ताठ, डोळे बाहेर, चेंडू जागचा हलेना. शेवटी मेडिकलवाल्याला भर दुकानात सुनावलं, की म्हाताऱ्या बाईच्या गळ्यात मोडकं खेळणं बांधतोस? तो बिचारा हात जोडून म्हणाला, "आज्ये, ह्यात फुकायचा न्हाय, आत वढायचा." (सूचना खोक्यावर इंग्रजीत होत्या. पण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईला सूचना वाचायची गरज वाटत नाही.) चार गिऱ्हाइकांसमोर ओढलं. एक चेंडू टुणकन वर गेला, दुसरा अर्धा. तिसऱ्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता दोन पूर्ण जातात. रात्रीचा भात निम्मा केलाय, रोज किनाऱ्यावर चालते. यंदा हाक मीच ओढणार, हे चिपळुणात सगळ्यांना कळवा.

तुमची
कालिंदी

ता. क. गणपतीला माहेरी याल तेव्हा आरतीला माझ्या मागे उभ्या राहा. दम संपला की मी तुमच्या पायाला पाय लावीन (थोरल्या नणंदेला पाय लावल्याची क्षमा आत्ताच मागते). तेवढा वेळ हाक तुम्ही धरा, मी श्वास घेऊन येते. तोंड मी उघडंच ठेवीन.

दुसरा ता. क. विमलेच्या कपाटात काल मी तेच यंत्र पाहिलं. तिचंही असंच पत्र आलं असेल, तर माझं आधी पोचलं असं समजा. तेही जमत नसेल, तर दोघींच्या मध्ये उभ्या राहा.